शेजारची सीट

९ जानेवारी

दादा,

गाडी जॅकवर तशीच ठेवून वर आले आहे. हाताला ग्रीस आहे, कागदाला लागेल. बाबा खाली गॅरेजच्या दारात उभे आहेत. मी गाडीखाली होते तोवर त्यांनी दोनदा विचारलं, "काय, किती दिवस काढील?" जणू मी डॉक्टर आहे आणि आत कुणी पडलंय.

तुझं पत्र शनिवारी आलं. आई गेल्यानंतरचं पहिलंच. पाकिटावर तू माझं पूर्ण नाव लिहिलं होतंस. 'शेपूट' लिहिलं असतंस तरी पोचलं असतं, पोस्टमन जुना आहे. आईच्या वेळी मी तुला फोनवर जे बोलले ते मागे घेत नाही. तूही काही मागे घेतलेलं नाहीस. म्हणून पत्रच बरं. यात एकाला बोलून संपवता येतं.

तू लिहिलंस, 'तू याच धंद्यात आहेस. बाबांना आता चालवता येत नाही. नीट बघून किंमत सांग, विकून टाकू.' ठीक. गाडी तुझी आहे. तुझ्या अठराव्या वाढदिवसाला बाबांनी ती तुझ्या नावावर केली. माझ्या अठराव्याला मला घड्याळ दिलं. घड्याळ अजून चालतं. हे सहज लिहिलं.

आता तपासणी. कुठल्याही गिऱ्हाइकाला सांगते तसंच सांगते.

इंजिन मूळचं आहे, नंबर जुळतो. खालच्या पत्र्याला गंज आहे, पण वरवरचा. कापडी टप दोन ठिकाणी शिवलेला. रंगाची जाडी मोजायचं यंत्र सगळीकडून फिरवलं, कुठेही दुसरा हात मारलेला नाही. फक्त बॉनेटच्या कडांना रंग इतका पातळ झालाय की खालचा करडा थर दिसतो. ही गाडी चालवण्यापेक्षा पुसली जास्त. आईचं ते आठवतं ना? जिन्यातून वाकून हाक मारायची, "माझ्या सवतीची आंघोळ झाली असेल तर जेवायला या." बाबा फडकं पिळत म्हणायचे, "पाय राहिलेत." म्हणजे टायर.

सीटा दोनच. चालवणाऱ्याची बरी आहे. शेजारची वाईट आहे. कातडं कडेला उसवलंय, मध्ये खळगा पडलाय. खाली पत्र्यावर बुटांच्या टाचांचे ओरखडे. डॅशबोर्डच्या कडेला बारीक खाचा आहेत, दातांसारख्या. तू चावायचास की काय? समोरच्या काचेवर, त्याच बाजूला, आतून गोंदाचा चौकोनी डाग आहे. एखादं चित्र चिकटवलं असशील. बाबांनी तुला ते करू दिलं, याचं नवल वाटलं. मला बोटांचे ठसे उमटतात म्हणून गॅरेजमध्ये हात मागे बांधून उभं राहावं लागायचं. चालवणाऱ्याच्या बाजूला कुणी बसत होतं याची फारशी खूण नाही. शेजारच्या बाजूला तू सगळीकडे आहेस.

किंमत. हे नीट वाच, कारण लोकांना वाटतं जुनी गाडी म्हणजे नुसता चढता भाव. तसं नसतं. आमच्याकडे जुन्या गाड्यांचा लिलाव पुकारणारा आहे, त्याला सगळे हातोडी म्हणतात. तो नव्या लोकांना असं शिकवतो: "शोरूममधून निघाली की पडायला लागते. मग पडतच राहते. मग अशी वर्षं येतात की फुकट दिली तरी पार्किंगची अडचण म्हणून कुणी घेत नाही. आणि मग एक दिवस, शाळेत असताना ज्यांनी तिचं चित्र उशाशी लावलं होतं, ती मुलं टकली होतात आणि त्यांच्याकडे पैसे येतात. तेव्हा भाव." त्याच्यापुढचं तो सांगत नाही, मी सांगते. त्या मुलांचे गुडघे जातात. इतक्या खाली बसायचं म्हणजे बसता येतं, उठता येत नाही. मग एकेक करून ते गाड्या विकायला काढतात, आणि घेणारा नसतो. आपली गाडी त्या टप्प्यावर आहे.

एखाद्या साध्या, नव्या, चार दारांच्या गाडीची जी किंमत असते, तिच्या निम्मी धर. तू मनात धरली असशील त्याहून बरीच कमी. उशीर केलास तर याहून कमी.

बाबांना विकायचं सांगितलं. म्हणाले, "त्याची गाडी आहे." मग फडकं घेऊन खाली गेले.

शेपूट

३ फेब्रुवारी

दादा,

कात्रण मिळालं. एवढ्या लांबून पाठवायची गरज नव्हती. तो लिलाव आमच्याच हॉलमध्ये झाला, मी तिसऱ्या रांगेत बसले होते. 'तेच मॉडेल, तेच वर्ष, रंगसुद्धा तोच' याखाली तू लाल रेघ ओढलीस. बाबांसारखीच, पट्टी लावून.

ऐक. लिलावात दोन माणसं हट्टाला पेटली की जो आकडा येतो तो गाडीचा नसतो, हट्टाचा असतो. त्या दिवशी एक दातांचा डॉक्टर होता आणि एक बिल्डर. दोघांची आधीची काही खुन्नस होती. बिल्डर पाटी वर करायचा आणि डॉक्टरकडे बघायचा. गाडीकडे एकदाही बघितलं नाही. हातोडी नुसता या टोकाकडून त्या टोकाकडे मान फिरवत होता. असा आकडा धरून चालत नाही. हट्टाचा भाव मला कळतो.

शिवाय ती गाडी आपल्यापेक्षा बरी होती. तिच्या सीटा बऱ्या होत्या.

लिलाव संपल्यावर हातोडी पाणी पीत माझ्याजवळ आला. "तुझ्या घरी आहे ना असलीच एक?"

"भावाची आहे."

"भाऊ विकतोय का?"

"भाऊ काही विकत नाही. भाऊ काही करतच नाही."

"मग भाऊ सुखी आहे," तो म्हणाला. "त्याला विचार तरी."

मी म्हटलं, विचारते.

आमच्या ऑफिसात भिंतीवर आलेख लावलेत, एकेका मॉडेलचा एकेक. सगळ्यांचा आकार एकच: घसरगुंडी, मग सपाट मैदान, मग चढ. रोज दुपारी डबा खाताना तेच समोर असतात. परवा खाताना वाटलं, आपल्या घरात हे झालंय. तू इथं होतास तेव्हा बाबा रोज तुझ्यावर ओरडायचे. गेलास, मग कित्येक वर्षं तुझा विषय निघाला की ते उठून जायचे. आता मात्र सारखं 'तो असता तर.' मी त्यांच्या डोळ्यांत थेंब घालते. वर बघावं लागतं, तर छताकडे बघत म्हणतात, "त्याला नुसत्या आवाजावरून कळायचं कुठला प्लग गेलाय." त्यांच्या दुकानाचा हिशेब बंद करून दिला मी, दवाखान्यात मी नेते, भांडं कुठं, चष्मा कुठं, सगळं मी. आयुष्यभर लोकांना चष्मे लावले आणि आता स्वतःचा सापडत नाही. रोज रस्त्यावर असलेल्या गाडीला भाव येत नाही, दादा. ती चालते, एवढंच लिहितात तिच्याबद्दल. जी झाकून ठेवलेली असते तिच्यावरचं कापड काढलं की लोक श्वास रोखतात. मी हे धंद्यातलं सांगते आहे.

एक गिऱ्हाईक आहे. बाई आहे, एकटीच. गाड्यांतलं कळतं. मी लिहिलेल्या किमतीला तयार आहे आणि पैसे एकरकमी देईल. नाव विचारू नकोस, आमच्याकडे आधी नावं सांगत नाहीत. कागद पाठव, सही करून. खरेदीदाराची जागा कोरी सोड, मी भरते.

लवकर कर. असं गिऱ्हाईक पुन्हा मिळणार नाही.

शेपूट

१९ फेब्रुवारी

दादा,

कागद मिळाले. सही ठीक आहे. कोरी जागा कोरी आहे.

सोबतची चिठ्ठी मी स्वयंपाकघरात उभ्यानं वाचली. गॅसवर दूध होतं, ते उतू गेलं. 'येतील ते पैसे तूच ठेव. बाबांचं सगळं तू करतेस. मला त्यातलं काही नको.'

तुला काय जातंय? तुला दिलदार होणं परवडतं. लांबून सगळं परवडतं. एक गोष्ट, अख्ख्या घरात एक गोष्ट मी माझ्या हातानं मिळवत होते, तर तीही तू वरून देऊन टाकलीस, आणि वर माझे आभार मानलेस. आता मी काय करायचं? घेतली तर तुझी दिलेली. नाही घेतली तर नाहीच.

हा परिच्छेद खोडायला हवा होता. शाईचं पेन आहे.

दुसरं तू लिहिलंस की विकण्याआधी मी एकदा त्या शेजारच्या सीटवर बसून घ्यावं. 'तिथून काही ऐकू येत नाही, टप उघडा असला की नुसता वारा. बाबा सारखे काहीतरी बोलत असायचे आणि मी मान हलवायचो. ते काय बोलायचे मला कधी कळलं नाही.' हे तू मला बरं वाटावं म्हणून लिहिलंस. मी वरच्या खिडकीतून बघत असायचे. रविवारी गाडी फाटकातून बाहेर पडायची, बाबांचं तोंड तुझ्याकडे वळलेलं असायचं आणि तू मान हलवत असायचास. एवढं काय बोलत असतील, याची मी यादी करायचे. संध्याकाळी आई म्हणायची, "शेपटे, खिडकीला नाक लावू नकोस, काच आपण रोज पुसत नाही, गॅरेजवाले पुसतात."

आता कामाचं. गिऱ्हाइकानं शेजारची सीट नवीन करून मागितली. म्हणून काढून घेऊन सीटवाल्याकडे गेले. बाजाराच्या मागच्या गल्लीत एका अरुंद दुकानात बसतो, दोन यंत्रं आणि वर टांगलेली कातडी, आमची सगळी कामं तोच करतो. त्यानं सीट उलटीपालटी केली.

"ताई, एवढंसं तर उसवलंय. टाका घालतो, अर्ध्या तासात घेऊन जा."

"नको. सगळं काढा. आतला स्पंजही."

"मागे मी एकदा असंच मूळचं कातडं काढलं होतं, तर तुम्ही दुकानात येऊन ओरडला होतात. सगळी गल्ली गोळा झाली होती."

"ती गाडी वेगळी होती."

"बरं." त्यानं कात्री घेतली. "जुनं कव्हर बांधून देतो मग. जपून ठेवा."

"नको."

तो थांबला. मी घड्याळात बघितलं. त्यानं कापायला सुरुवात केली.

नवी सीट छान झाली आहे. रंग मिळताजुळता. खळगा नाही. पत्र्यावरचे टाचांचे ओरखडे पॉलिशनं घालवले. डॅशबोर्डच्या खाचा भरून घेतल्या. काचेवरचा तो गोंदाचा डाग मी स्वतः काढला, ब्लेडनं. गुडघे दुमडून, वाकडी मान करून बराच वेळ खरवडत होते. जुना गोंद दगडासारखा होतो. शेवटी निघाला.

त्या बाजूला आता तू कुठेच नाहीस. म्हणजे, गाडी स्वच्छ झाली आहे.

शेपूट

५ मार्च

दादा,

थोडक्यात लिहिते. हातोडी घरी आला होता. मी बोलावलं नव्हतं. 'इकडून जात होतो' म्हणाला. आपल्या घरावरून कुणी कुठेही जात नाही.

बाबा खूश झाले. त्यांनी स्वतः कापड काढलं, टोकं धरून, घडी घालत. हातोडीनं गाडीभोवती फेरी मारली, हात न लावता. मग बॉनेटच्या कडेला तो पातळ झालेला रंग दिसला तेव्हा खाली बसला.

"कुणी पुसली ही?"

"मी," बाबा म्हणाले.

"काका, असा रंग पैसे देऊन मिळत नाही. लोक खोटा करून घेतात."

बाबा लाजले. खरंच लाजले. मी त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं.

मग त्यानं शेजारचं दार उघडलं. तळहातानं सीट दाबली. पुन्हा दाबली. वाकून वास घेतला.

"हा शहाणपणा कुणाचा?"

"मालकाचा," मी म्हटलं.

"मालकाला फटके द्यायला हवेत. मूळ इंजिन, मूळ रंग आणि शेजारी दिवाणखान्यातला सोफा. अरे, ज्याला ही गाडी हवी असते त्याला शिळीच हवी असते. ताजी हवी असती तर तो शोरूममध्ये गेला असता. हे तुला मी सांगायचं?" तो माझ्याकडे बघत होता. "पत्रासुद्धा चमकवलाय! जुनं कव्हर तरी आहे का?"

"नाही."

त्यानं एक आकडा सांगितला. मी तुला जानेवारीत लिहिला होता तोच, थोडासुद्धा इकडेतिकडे नाही. म्हणजे माझा हिशेब आता बरोबर आहे.

बाबांनी आत हात घातला आणि सीट चाचपली. त्यांना दिसत नाही, पण हाताला कळतं. कडेची शिवण शोधत होते बहुतेक, ती उसवलेली. सापडली नाही. हात बाहेर काढून त्यांनी फडक्याला पुसला आणि हातोडीला विचारलं, "चहा घेणार?"

त्यानंतर ते गाडीबद्दल माझ्याशी बोललेले नाहीत. तुझ्याबद्दलही नाही.

शेपूट

१३ मार्च

दादा,

आज रविवार. सकाळी बाबा बूट घालून दारात येऊन बसले. "काढ बाहेर," म्हणाले.

मी टप खाली केला. मला वाटलं होतं, नव्या सीटवर पहिली मी बसेन. ती तशीच ठेवली होती, कुणी बसलेलं नाही अशी. पण त्यांना चालवता येत नाही आणि मला येतं, तेव्हा दुसरं काय होणार? बाबा दार चाचपत आत बसले. त्या बाजूला ते कधी बसले नव्हते. आधी पाय कुठं ठेवायचे ते त्यांना कळेना. मग गुडघ्यांवर हात ठेवून बसले, दवाखान्यात बसतात तसे.

फाटकाबाहेर पडलो आणि ते बोलायला लागले. मला काही ऐकू आलं नाही. वारा. त्यांचं तोंड हलत होतं, माझ्याकडे वळलेलं होतं. मी मान हलवली.

तू खरं लिहिलं होतंस.

नदीवरच्या पुलाआधीचा सिग्नल लाल होता. गाडी थांबली तेव्हा ऐकू आलं, "—घसरते ही सीट."

"नवी आहे."

"त्यानं बदलायला सांगितली?"

"नाही. मी बदलली."

"हं." मग म्हणाले, "समोरची पाटी वाच."

मी वाचली. पूल, डावीकडे वळण बंद.

"बरोबर," म्हणाले. त्यांना पाटी दिसत नव्हती. सवयीनं म्हणाले.

पूल ओलांडला. ते पुन्हा बोलत होते. पुढचा सिग्नल बाजाराच्या तोंडाशी आहे, तिथं थांबलो तेव्हा वाक्य संपत आलं होतं, "—टायरचे पैसे देतो म्हणाला, गाडी तुम्हीच ठेवा."

"कोण म्हणाला?"

"मगाशी सांगितलं ना सगळं."

"ऐकू नाही आलं बाबा. परत सांगा."

"तू झालीस तेव्हा विकायला काढली होती मी." त्यांनी हात पुढे करून समोरच्या काचेवर बोट टेकवलं. बोट फिरवत राहिले. "इथं पाटी चिकटवली होती. विकणे आहे. डाग राहिला होता तिचा, लागायचा हाताला. कुठं गेला?"

मी वरचा आरसा नीट केला.

"तुझी आई दवाखान्यातून तुला घेऊन आली आणि म्हणाली, सीटा दोन आणि माणसं चार, आता मी आणि ही टपावर बसायचं का? मी म्हटलं, विकतो. तुला काय वाटलं, मला चारपर्यंत मोजता येत नव्हतं? वर्षभर पाटी होती. दुकानाबाहेर उभी करायचो, सगळ्यांना दिसेल अशी. एक माणूस आला अख्ख्या वर्षात. तो टायर घ्यायला तयार होता."

मागच्यानं हॉर्न दिला. सिग्नल हिरवा होऊन गेला होता.

दादा, ऑफिसातल्या भिंतीवर या गाडीचा आलेख आहे. मी रोज त्याच्यासमोर जेवते. माझ्या जन्माचं वर्ष त्यावर सगळ्यात खाली आहे. तिथं रेघ इतकी खाली गेलीय की तळाला टेकल्यासारखी वाटते. आधी काढली असती तर कुणीतरी घेतली असती. बऱ्याच वर्षांनी काढली असती तर रांग लागली असती. मी नेमकी त्या खड्ड्यात झाले, म्हणून गाडी राहिली. आणि गाडी राहिली, म्हणून तू शेजारी बसलास आणि मी खिडकीत.

तिसरा सिग्नल लांबचा होता. मी विचारलं, "मग नंतर मला का नाही बसवलंत? एकदाही?"

"तू मागितलं नाहीस."

"मागितलं होतं."

बाबा समोर बघत होते. शेजारच्या बसमधून एक लहान मूल गाडीकडे बघून हात हलवत होतं. त्यांना ते दिसलं नसावं.

"मागितलं असशील," ते म्हणाले. "मला ऐकू आलं नसेल."

मग हिरवा झाला. घरी येईपर्यंत ते आणखी पुष्कळ बोलले. मी मान हलवत होते.

आता लिहिते ते नीट वाच. ती एकटी बाई म्हणजे मी. गिऱ्हाईक नाही, कुणीच नाही. जानेवारीत तुझी गाडी त्या कात्रणातल्या गाडीइतक्याच किमतीची होती, आणि बाबांनी पुसलेल्या त्या कडांमुळे कदाचित जास्त. मी किंमत पाडून लिहिली. मग ती सीट फाडून घेतली. ते किंमत पाडण्यासाठी नव्हतं. तुझी खूण घालवण्यासाठी होतं. या धंद्यात इतकी वर्षं काढून, मूळ कातडं म्हणजे काय हे दहा जणांना ओरडून सांगून, मीच कात्रीखाली दिलं. तुझे सही केलेले कागद परत पाठवते आहे. कोरी जागा कोरीच आहे. विकायची तर विक, ठेवायची तर ठेव. किंमत मात्र आता जी आहे ती आहे.

आणि तो डाग. त्या गाडीत माझी एवढी एकच खूण होती. ती तुझी समजून मी ब्लेडनं खरवडली.

तुझा हेवा वाटायचा थांबला असं लिहिणार नाही. आज संध्याकाळी डोळ्यांत थेंब घालताना ते छताकडे बघून म्हणाले, "तो गिअर अलगद टाकायचा, तू ओढतेस." मी दुसऱ्या डोळ्यात थेंब घातला. अजून वाटतो हेवा. फक्त नेमका कशाचा, ते आता सांगता येत नाही. तुला तरी त्या सीटवर काय मिळालं? वारा.

तू ये असं म्हणणार नाही. आलास तर रविवार बघून ये. सिग्नलला ऐकू येतं.

शेपूट

१४ मार्च, सकाळ

पाकीट चिकटवायचं राहिलं होतं म्हणून हे खाली लिहिते. सीटवाल्यानं दुकान उघडलं तेव्हा मी दारात होते. आतला स्पंज त्यानं टाकून दिला होता. कातडं मात्र बरं होतं म्हणून कापून स्वतःच्या कामाच्या स्टुलावर चढवलं होतं, उसवलेली कड खालून दुमडून. मी ते स्टूल विकत मागितलं. तो हसला, मग मला बघून हसायचा थांबला आणि किंमत सांगितली. घासाघीस केली नाही. गाडीच्या डिकीत मावेना, म्हणून शेजारच्या सीटवर ठेवून घरी आणलं.